गळीत हंगामात रात्री गाडी चालवताना न दिसणाऱ्या ट्रॉल्यांपासून कसे सावध राहावे?

प्रश्न: कृष्णाकाठ

नमस्कार. मी पुण्यात एका बँकेत नोकरी करते, वय ४६. माझे आई-वडील आष्ट्याजवळच्या एका गावात राहतात. आईच्या आजारपणामुळे गेले वर्षभर मी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी साधून, म्हणजे महिन्यातून दोनदा, एकटीच गाडी चालवत तिकडे जाते. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता कामावरून थेट निघायचे, खंबाटकी, सातारा, कराड मागे टाकून पेठ नाक्यावर महामार्ग सोडायचा आणि साडेअकरा-बाराच्या सुमारास घरी पोहोचायचे, असा क्रम बसला आहे. परतताना सोमवारी पहाटे तीन वाजता निघते, कारण दहाच्या आत शाखेत हजर व्हावे लागते.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात या रस्त्याची मला कधी भीती वाटली नाही. ऊसतोड सुरू झाल्यापासून मात्र महामार्ग सोडल्यानंतरचा शेवटचा तासभर मी अक्षरशः जीव मुठीत धरून गाडी चालवते. गेल्या महिन्यात आष्ट्याच्या पुढे दुपदरी रस्त्यावर माझा वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास असेल. समोरून एक टेम्पो आला, त्याच्या दिव्यांनी डोळे दिपले आणि तो निघून गेल्यावर माझ्या दिव्यांच्या उजेडात एकदम उसाची भिंत उभी राहिली. पंक्चर झालेली ट्रॉली अर्धा रस्ता अडवून उभी होती, मागे दिवा नव्हता, परावर्तक नव्हता, फक्त चाकांच्या मागे चार दगड मांडलेले होते. गाडी थांबली तेव्हा बाहेर आलेली उसाची टोके माझ्या बॉनेटपासून हातभर अंतरावर होती. त्या रात्री आईला मी काहीच सांगितले नाही, पण तेव्हापासून झोपेतसुद्धा मला तो ऊस दिसतो.

ट्रॉलीला दिवा नसणे ही चूक त्यांची आहे हे मला कळते आणि त्याबद्दल तक्रारी होत असतात हेही ठाऊक आहे. परंतु पुढच्या शुक्रवारी मला पुन्हा त्याच रस्त्याने जायचे आहे आणि त्या रात्री माझ्या हातात काय आहे हे मला समजून घ्यायचे आहे. जादा उजेडाचे दिवे बसवून घ्यावेत का? बाजारात मिळणारा रात्रीचा पिवळा चष्मा उपयोगी पडतो का? आणखी एक चिंता वडिलांची आहे. ते ६८ वर्षांचे आहेत, आईला सांगलीला दवाखान्यात नेतात आणि परतताना अनेकदा अंधार पडतो. समोरच्या गाडीचा उजेड आता सहन होत नाही, असे ते म्हणतात आणि तरीही गाडी चालवतात. या रस्त्यांवर प्रत्यक्ष गाडी चालवणाऱ्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: रातराणीचा चालक

ताई, एस.टी.त माझी तीस वर्षे गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक रातराणीवर गेली. तुमचा प्रसंग वाचून जे सुचले ते लिहितो, लांबले तर समजून घ्यावे.

तुम्ही वाचलात याचे कारण ६५ चा वेग आणि वेळेवर दाबलेला ब्रेक एवढेच नाही, त्यात नशिबाचाही वाटा होता, आणि नशिबाचा तो वाटा पुढच्या वेळी शून्य धरून चालले पाहिजे. हिशेब मांडून पाहा. खाली पाडलेल्या दिव्यांत म्हणजे डिपरमध्ये, काळपट किंवा मातकट वस्तू साधारण ४० ते ५० मीटरवर आल्यावरच नीट ओळखू येते. ताशी ७० च्या वेगाने गाडी सेकंदाला १९ मीटरहून जास्त अंतर कापते. डोळ्यांना काहीतरी दिसणे, ती उभी ट्रॉली आहे हे मनाला पटणे आणि पाय ब्रेकवर जाणे यात चांगल्या, ताज्या चालकाचाही दीड सेकंद जातो, म्हणजे २९ मीटर तिथेच संपले. त्यानंतर कोरड्या डांबरावर जोराचा ब्रेक लावून गाडी थांबेपर्यंत आणखी २७-२८ मीटर लागतात. बेरीज ५५ च्या वर जाते आणि तुम्हाला दिसले होते ५० मीटरवर. उरलेले पाच मीटर तुम्ही उसात असता.

हाच हिशेब ६० च्या वेगाला ४५ मीटरवर येतो, म्हणजे जेमतेम जमतो, आणि माणूस थकलेला असेल, दीडऐवजी दोन सेकंद लागले, तर तोही बिघडतो. ५० च्या वेगाला दोन सेकंद धरले तरी ४२ मीटरमध्ये गाडी उभी राहते. म्हणून दुपदरी, दिवे नसलेल्या रस्त्यावर डिपरमध्ये असताना ५०, हा आकडा मी नव्या चालकांना नेहमी सांगत असे. रस्ता मोकळा आहे, ओळखीचा आहे, मागचा घाई करतो आहे, यातल्या कशानेही तो आकडा बदलत नाही, कारण तो तुमच्या दिव्यांच्या पल्ल्यावरून आलेला आहे. समोर कोणी नसताना वरचा दिवा जरूर वापरावा. अनेक जण गावाकडच्या रस्त्यावरही संपूर्ण प्रवास डिपरवर करतात आणि मिळणारा निम्मा उजेड वाया घालवतात. समोरून वाहन दिसताच मात्र आपण आधी डिपर द्यावा, त्याची वाट पाहू नये.

तुमच्या बाबतीत घात झाला तो टेम्पो समोर येऊन जाण्याच्या क्षणी. दोन वाहने एकमेकांना ओलांडतात तेव्हा समोरच्या दिव्यांच्या मागे एक काळा पट्टा असतो, त्यात काय आहे ते कोणालाच दिसत नाही, आणि वाहन निघून गेल्यावरही डोळे सावरायला काही सेकंद लागतात. या काही सेकंदांत तुम्ही शंभरेक मीटर आंधळेपणाने जाता. म्हणून समोरचा जवळ येण्याआधीच पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, वेग ४० पर्यंत उतरू द्यायचा, नजर त्याच्या दिव्यांवर न ठेवता आपल्या डाव्या हाताच्या पांढऱ्या पट्टीवर किंवा डांबराच्या कडेवर ठेवायची, आणि तो गेल्यावर रस्ता पुन्हा स्वच्छ दिसल्याखेरीज वेग वाढवायचा नाही. एवढी एक सवय लागली तरी अर्धे काम झाले.

समोरून येणारे दिवे तुम्हाला मदतही करतात. दूरवरून येणारे दिवे क्षणभर झाकले जाऊन पुन्हा दिसले, तर तुमच्या आणि त्या दिव्यांच्या मध्ये काहीतरी आहे असे समजावे. सपाट रानातून सरळ जाणाऱ्या रस्त्यावर मी कितीतरी बैलगाड्या अशाच ओळखल्या आहेत. बैल समोरून येत असले तर त्यांचे डोळे उजेडात चमकतात, पण पाठमोऱ्या टायरगाडीचे काहीच चमकत नाही.

रात्री एखाद्या बसच्या किंवा ट्रकच्या मागे राहून जाणे सोयीचे असते, कारण त्याच्या उजेडात पुढचा रस्ता कळतो. मात्र चार सेकंदांचे अंतर ठेवूनच. तो एका खुणेजवळून गेला की मनात चार मोजावेत आणि चार पूर्ण होण्याआधी आपण त्या खुणेशी पोहोचलो तर आपण फार जवळ आहोत. अगदी पाठीला चिकटून गेलात, तर तो ट्रॉली पाहून ऐनवेळी उजवीकडे जाईल आणि ती ट्रॉली थेट तुमच्या पुढ्यात येईल.

जादा उजेडाच्या दिव्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे, ते बसवू नयेत. साध्या गाडीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो, त्याजागी १००/९० चा बसवला तर वायरिंग आणि दिव्याची वाटी तापते, ते नियमात बसत नाही, आणि समोरच्याचे डोळे दिपून तोच तुमच्या अंगावर येतो. त्याऐवजी दिव्यांची काच पाहा. पाच-सहा वर्षांच्या गाडीत ती पिवळी, धुरकट होते. ती घासून पारदर्शक करून घेतली तर उजेडात केवढा फरक पडतो ते त्याच रात्री कळेल. स्टिअरिंगच्या आसपास दिव्यांचा झोत वर-खाली करण्याची एक चकती असते, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. गावाहून परतताना डिकीत तांदूळ, गूळ, नारळ भरले की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि डिपरसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अशा वेळी ती चकती एक-दोन घरे खाली फिरवावी.

उत्तर: ट्रॉलीवाला, वाळवा

मी स्वतः ऊस वाहतूक करतो. माझा ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या आहेत, त्यामुळे या प्रश्नावर गप्प बसणे मला योग्य वाटत नाही. कृष्णाकाठ ताईंच्या बाबतीत जे घडले ती आमच्या धंद्यातल्या माणसाची चूक आहे आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. मागे लाल परावर्तक आणि दिवा असणे कायद्याने बंधनकारक आहे. परंतु तो का नसतो हे समजले तर तुम्हाला ट्रॉली ओळखायला सोपे जाईल, म्हणून लिहितो.

हंगामाच्या सुरुवातीला दिवे असतात, परावर्तकही असतात. बरेच कारखाने परावर्तक लावलेले कापड देतात आणि पोलीसही पट्ट्या चिकटवतात. त्यानंतर ट्रॉली फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या उसाच्या शेतात जाते. सरीवरंब्यांतून, चिखलातून बाहेर पडताना मागच्या दिव्याची वायर पहिल्याच आठवड्यात तुटते. परावर्तकावर मातीचा थर बसतो. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे भरलेला ऊस पाठीमागे बाहेर येतो, त्यावर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे लोंबतात आणि त्यांच्या खाली दिवा, परावर्तक, नंबर सगळे झाकले जाते. कापड उसाच्या वर, मोळीच्या टोकाला बांधले तरच दिसते, फळीवर बांधले तर ते असून नसल्यासारखे आहे. मी दर खेपेला निघण्यापूर्वी ते कापड ओल्या फडक्याने पुसून उसाच्या पाठीवर बांधतो, याला दोन मिनिटे लागतात. सगळेच तसे करत नाहीत, कारण कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत कधीकधी रात्र जाते, रिकामी झालेली ट्रॉली घेऊन पुन्हा फडावर यायचे असते, आणि ट्रॅक्टरवरचा पोरगा दोन-दोन रात्री नीट झोपलेला नसतो. तोही झोपेत गाडी चालवतो आहे, हे तुम्ही धरून चाला.

आता ओळखायच्या खुणा. रस्त्यावर पडलेली वाढी किंवा उसाची कांडी दिसू लागली की भरलेली वाहने पुढे आहेत असे समजावे. ती कांडी दुचाकीला फार वाईट, चाक सरकते. भरलेली ट्रॉली ताशी पंधरा-वीसच्या वेगाने जाते, चढावर त्याहूनही हळू. तुम्ही ६० ने आलात तर ती तुमच्या दृष्टीने जवळपास उभीच असते, आणि दिवा लागलेला असला तरी ती चालती आहे की थांबलेली हे लांबून कळत नाही.

भरलेल्या ट्रॉलीपेक्षा रिकामी ट्रॉली मला जास्त घातक वाटते. भरलेलीला निदान आकार असतो. रिकामी बुटकी, मातीच्या रंगाची, वेगात असते आणि धक्के खात डावी-उजवीकडे झोले घेते. त्यातच काही ट्रॅक्टरांच्या मागच्या बाजूला शेतात नांगरट करताना लागणारा पांढरा दिवा असतो. तो रस्त्यावर चालू राहिला तर मागून येणाऱ्याला समोरून एखादी मोटारसायकल येते आहे असे वाटते. पांढरा एकच दिवा दिसला आणि तो जवळ येण्याचा वेग विचित्र वाटला, तर वेग कमी करावा.

समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचे दोन दिवे फक्त ट्रॅक्टरची रुंदी दाखवतात. मागची ट्रॉली त्याहून रुंद असते आणि ऊस तिच्याही बाहेर आलेला असतो. म्हणून त्या दिव्यांच्या बाजूला आणखी हातभर ऊस आहे असे गृहीत धरूनच डावीकडे राहावे. आमच्या भागात छोट्या ट्रॅक्टरला जोडलेल्या गाड्या असतात, त्यांना अंगद म्हणतात. त्यांचेही तेच.

ओलांडताना हॉर्नवर विसंबू नका. ट्रॅक्टरचा आवाज आणि त्यावर लावलेली गाणी यांमुळे आम्हाला मागचे काही ऐकू येत नाही. वरचा दिवा दोनदा मारलात तर उजेड आरशात किंवा पुढच्या रस्त्यावर पडलेला दिसतो. दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टरची लांबी एस.टी.पेक्षा बरीच जास्त होते, त्यामुळे पुढचा मोठा टप्पा मोकळा दिसेपर्यंत मागेच राहावे. फडाच्या वाटा आणि कारखान्याचे फाटे उजव्या हाताला असतील तर अजिबात ओलांडू नये, कारण इशारा न देता ट्रॅक्टर त्या बाजूला वळू शकतो. आणि चढावर आमच्या पाठीशी गाडी लावू नका. ओझ्याने ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात, ट्रॉली मागे सरकते, आणि दोन्ही ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या पुढेमागे ऊस असतो.

पंक्चर झाल्यावर चाकांना लावलेले दगड काम झाल्यावर रस्त्यातच टाकून जाण्याची एक वाईट रीत आहे. ट्रॉली जाते, दगड राहतात. त्यासाठीसुद्धा ताई, ५० चा वेग बरा.

उत्तर: नेत्रवैद्य, कराड

चष्मा आणि वडिलांचे डोळे या दोन प्रश्नांबाबत लिहिते.

पिवळ्या काचेचा चष्मा घेऊ नये. त्याने समोरचा झोत थोडा सौम्य वाटतो आणि चित्र अधिक स्पष्ट झाल्याचा भास होतो, परंतु कोणतीही रंगीत काच डोळ्यात जाणारा प्रकाश कमीच करते. रात्री मुळात प्रकाशाचाच तुटवडा असतो. झोत कमी होतो त्याबरोबर कडेने चालणारा माणूस आणि तुमची ती ट्रॉलीही अधिक अंधुक होते. तुम्हाला नंबरचा चष्मा असेल तर त्यावर परावर्तनरोधक थर असलेली काच घ्यावी, कारण ती रंगहीन असते आणि काचेवरची चकाकी कमी करते. नंबर दर वर्षी तपासावा. थोडासा वजा नंबर दिवसा जाणवत नाही, रात्री बाहुली मोठी झाल्यावर मात्र तोच त्रास देतो.

आणखी एक अगदी साधी गोष्ट. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला महिन्या-दीड महिन्यात एक तेलकट पापुद्रा बसतो. दिवसा तो दिसत नाही, रात्री समोरचा उजेड पडला की सगळी काच दुधाळ होते. बाहेरची काच सगळे धुतात, आतली क्वचितच कोणी पुसते. डॅशबोर्डचा उजेड किमान ठेवावा आणि नकाशासाठी लावलेला मोबाइल गडद रंगाच्या मांडणीत, अगदी मंद करून ठेवावा. अंधाराला पूर्ण सरावण्यासाठी डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि उजळ पडद्याकडे पाहिले की ती कमाई काही क्षणांत जाते. ढाब्याच्या झगमगाटातून बाहेर पडून लगेच अंधाऱ्या रस्त्याला लागू नये, गाडीत चार-पाच मिनिटे शांत बसावे, तेवढ्यानेही फरक पडतो.

आता वडिलांविषयी, आणि हे मी आवर्जून सांगते आहे. वयाबरोबर बाहुली अंधारातही पूर्ण उघडत नाही आणि डोळ्यातले भिंग पिवळसर होते, त्यामुळे साठीच्या माणसाच्या डोळ्यामागच्या पडद्यापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर आत आलेला प्रकाश विखुरतो, दिव्यांभोवती वलये दिसतात आणि झोत असह्य होतो. ‘समोरचा उजेड सहन होत नाही’ हे वडिलांचे वाक्य माझ्या खोलीत मी रोज ऐकते आणि बहुतेक वेळा ते मोतीबिंदूचे असते. अशा माणसाला दिवसा, उजळ खोलीत तक्त्यावरची खालची ओळसुद्धा वाचता येते, म्हणून घरच्यांना वाटते की नजर चांगली आहे. तपासणी होईपर्यंत त्यांनी अंधार पडल्यावर गाडी चालवू नये. त्यांना मधुमेह असेल तर पडद्याचीही तपासणी करावी, कारण पडद्यावर लेझरचे उपचार झालेल्या रुग्णांची रात्रीची नजर मंदावू शकते. शस्त्रक्रिया करायची ठरली तर ‘मी रात्री गाडी चालवतो’ हे डॉक्टरांना आधी सांगावे. जवळचे आणि लांबचे दोन्ही दाखवणाऱ्या बहुकेंद्री भिंगांमुळे काही जणांना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात, त्याचा विचार भिंग निवडताना करता येतो.

माझा विषय नसला तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही शुक्रवारी सकाळी किती वाजता उठता? साडेपाच किंवा सहा असेल तर बारा वाजता घरी पोहोचताना तुम्हाला जागे होऊन अठरा तास झालेले असतात. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे, आणि आपल्या कायद्यातली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे प्रवासातला सर्वांत अरुंद, सर्वांत अंधारा टप्पा तुम्ही सर्वांत वाईट अवस्थेत पार करता. वर चालकदादांनी लिहिलेला दीड सेकंद त्या वेळी तुमच्याकडे नसतो.

कृष्णाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. सकाळी साडेपाचलाच उठते, त्यामुळे अठरा तासांचा हिशेब वाचून मी बराच वेळ स्तब्ध बसले. मी आजवर सगळी भीती ट्रॉलीची बाळगली, झोपेचा विचारच केला नाही. मी शुक्रवारीच निघते, कारण आईची सांगलीतील तपासणी शनिवारी सकाळी नऊची असते.

सोमवारी पहाटेच्या प्रवासाबद्दलही विचारायचे आहे. त्या वेळी झोप झालेली असते आणि रस्ता रिकामा असतो. तो त्यातल्या त्यात बरा ना? आणि वाटेत डोळे जड झालेच तर एकट्या बाईने थांबायचे कुठे?

रातराणीचा चालक

नाही ताई, पहाटेचा प्रवास बरा नाही. रात्री दोन ते पाच या वेळात माणसाचे शरीर झोपच मागते, आधी चार तास झोपलेले असलात तरी. रातराणीवर आम्ही सर्वांत जास्त घाबरायचो ते याच वेळेला. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसे गेली, ती वेळसुद्धा मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारासची होती. शिवाय पहाटे तीन-चार वाजता ऊसतोडीच्या टोळ्या फडाकडे निघालेल्या असतात, टायरगाड्या, पायी चालणाऱ्या बायामाणसांचे जथे, डोक्यावरून पांघरलेली काळपट घोंगडी. त्यानंतर दुधाच्या मोटारसायकली सुरू होतात. थंडीत कृष्णा-वारणेच्या काठाने धुके उतरते आणि कुठे पाचट पेटवलेले असले तर धूर त्यात मिसळतो. अशा ठिकाणी वरचा दिवा लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरच ठेवावा आणि अगदी सावकाश जावे. पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचे उताराचे वळण तुम्हाला ठाऊक आहेच, तिथे तुम्ही नेमक्या पाचच्या आसपास पोहोचता.

डुलकी कळत नाही, हेच तिचे वाईट आहे. मागची पाटी काय होती ते आठवत नसेल, गाडी पट्टीवर जाऊन परत आणावी लागली असेल, एकाच जागी नजर खिळत असेल, तर डुलक्या सुरू झालेल्या आहेत असे समजावे. काच उघडणे, गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे यांनी दहा मिनिटांपुरते बरे वाटते. आधी कडक चहा किंवा कॉफी घ्यायची आणि लगेच वीस मिनिटे झोपायचे, म्हणजे जाग येते तेव्हा तिचा गुण दिसू लागलेला असतो. थांबायचे ते दिवे आणि वर्दळ असलेल्या पेट्रोल पंपावर किंवा मोठ्या हॉटेलच्या आवारात, कर्मचाऱ्यांना दिसेल अशा जागी, दारे आतून लावून आणि घरी फोन करून. महामार्गाच्या कडेला गाडी लावून कधीही झोपू नये, कारण तिथे तुम्ही स्वतःच ती न दिसणारी ट्रॉली होता.

गाडी बंद पडली तर धोक्याचे दिवे लावावेत, त्रिकोण निदान पन्नास पावले मागे ठेवावा आणि स्वतः गाडीत न बसता रस्त्याच्या बाहेर, कठड्यापलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक मोबाइलमध्ये असू द्यावेत. दुसऱ्याचा अपघात दिसला तर फोन करायला कचरू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १३४-अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे आणि नाव सांगण्याची सक्तीही होत नाही.

माझे विचाराल तर दवाखान्याची वेळ बदलून पाहा. शनिवारी पहाटे साडेपाचला पुण्याहून निघालात तर साताऱ्याच्या आधीच उजाडते आणि पेठ नाक्यानंतरचा सगळा रस्ता उन्हात मिळतो. रविवारी जेवून दुपारी दीड-दोनला निघालात तर थंडीच्या दिवसांतही सहाच्या सुमारास, अंधार दाटण्याआधी कात्रजला लागता. आईजवळचे काही तास कमी होतील, हे मला कळते.

कृष्णाकाठ

काल दवाखान्यात फोन केला. शनिवारी दुपारी साडेबाराची वेळ मिळाली, मागायला मीच आजवर गेले नव्हते. वडिलांना रात्री गाडी न चालवण्याबद्दल सांगितले तेव्हा ते रागावले, पण नेत्रवैद्य ताईंनी लिहिलेले मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांनी पुढच्या बुधवारी डोळे तपासून घ्यायचे कबूल केले. गाडीच्या दिव्यांच्या काचा घासून आणल्या आहेत, आतली काचही पुसली. एक विचारायचे राहिले. आमच्या चुलत्यांची एक ट्रॉली कारखान्याला लागलेली आहे आणि तिच्या मागे काही नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. परावर्तकाचे कापड कुठे मिळेल?

ट्रॉलीवाला, वाळवा

कारखान्याच्या शेती विभागाच्या गट कार्यालयात आधी विचारा. तिथे संपले असेल तर ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात लाल परावर्तक पट्टीचा रोल मिळतो. ती पट्टी फळीवर चिकटवू नका, चिखलाने निघून येते. जाड ताडपत्रीचा दोन हात रुंद तुकडा घेऊन त्यावर पट्टी शिवून घ्या, चारही कोपऱ्यांना दोरी लावा, आणि ऊस भरून झाल्यावर वाढ्यांच्या वरून बांधायला सांगा. एक तुकडा जास्तीचा शिवून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवा. पंक्चर झाले तर तो ट्रॉलीच्या शंभर पावले मागे, दोन उसांच्या काठ्यांना बांधून रस्त्याच्या कडेला रोवता येतो.